वादाला सभागृह द्या

दिवाळी अंक फराळाच्या ताटाशेजारी वाचला जातो, म्हणून त्याचे संपादकीय गोडच असावे अशी रीत आहे. यंदा ती थोडी मोडतो आहोत. या अंकाच्या विशेष विभागाचा विषय आहे ‘विद्यापीठ आणि नागरिक’.

1950 च्या जानेवारीत, देश प्रजासत्ताक व्हायला दोन आठवडे उरले असताना, केंद्रीय कायदामंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयातील विद्यार्थी संसदेपुढे बोलले. महाविद्यालय त्यांच्याच पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1946 साली काढलेले. त्यांनी विषय घेतला हिंदू कोड बिलाचा. या विधेयकावरून तेव्हा देशभर रान उठले होते. असा विषय विद्यार्थ्यांपासून लांब ठेवण्याऐवजी त्यांनी तो थेट त्यांच्यासमोर मांडला.

आज असे धाडस किती कुलगुरू करतील? ठरलेले व्याख्यान आदल्या दिवशी रद्द होते. कारण कधी सभागृहाची दुरुस्ती, कधी कायदा-सुव्यवस्था. मग उरतात वादविवाद स्पर्धा. तिथे बाजू चिठ्ठीने मिळते आणि करंडक आवेशाला जातो. समोरच्याचे पटले म्हणून मत बदलणाऱ्याला गुण नसतात.

निवडणुकांचेही तेच. 1989 च्या मार्चमध्ये 61 वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि मतदानाचे वय 21 वरून 18 झाले. त्याच वर्षी मुंबईत महाविद्यालयीन निवडणुकीच्या वैरातून एका विद्यार्थ्याचा खून झाला. भीती खोटी नव्हती. पण 1994 च्या विद्यापीठ कायद्याने हिंसेबरोबर मतपेटीही हद्दपार केली आणि वर्गात पहिला येणाराच वर्गप्रतिनिधी ठरला. पेपर उत्तम सोडवणाऱ्याला वसतिगृहाच्या पाण्यासाठी भांडताही येईल, असे आपण धरून चाललो. 2006 मध्ये लिंगडोह समितीने वाट दाखवली : उमेदवाराचा खर्च 5000 रुपयांपर्यंत, छापील पोस्टर बंद, वयाच्या आणि हजेरीच्या अटी. 2016 च्या कायद्याने खुल्या निवडणुका कागदावर परत आणल्या. 2019 मध्ये त्या होणार म्हणेपर्यंत विधानसभेची निवडणूक आडवी आली आणि त्यानंतर करोना.

वादाला दार लावले की तो विझत नाही, हे मराठवाड्याइतके कोणी सोसलेले नाही. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने 1978 च्या जुलैमध्ये केला आणि गावोगाव दलितांची घरे जळाली. नामविस्तार झाला 14 जानेवारी 1994 रोजी. मधल्या साडेपंधरा वर्षांत जे बोलणे वर्गांत आणि सभागृहांत व्हायला हवे होते, ते रस्त्यावर झाले आणि त्याची किंमत ज्यांच्याकडे गमावण्यासारखे सर्वांत कमी होते त्यांनी मोजली.

म्हणून नागरिकशास्त्राचा आणखी एक पेपर आम्ही मागत नाही. संविधानाची उद्देशिका भिंतीवर लावून, मूल्यशिक्षणाचे दोन श्रेयांक देऊन विद्यापीठाची जबाबदारी संपत नाही. मागणी साधी आहे. दर सत्रात एकदा कुलगुरूंनी उघड्या सभेत बसावे आणि वाढलेले शुल्क, रखडलेले निकाल, प्राध्यापकांच्या रिकाम्या जागा यांवर विद्यार्थ्यांना उत्तरे द्यावीत. अधिसभेची बैठक विद्यार्थ्यांना पाहता यावी. विद्यार्थी परिषदेला मते मागून आलेले प्रतिनिधी मिळावेत, आणि गोंधळ घालणाऱ्यावर कारवाई करताना निवडणूकच रद्द करू नये. ज्या संस्थेचा प्रमुख प्रश्नांपुढे उभा राहतो, तिथला विद्यार्थी उद्या ग्रामसभेत उठून हिशेब मागायला कचरत नाही.

या विभागातल्या लेखकांचे एकमेकांशी पटत नाही. विद्यार्थी निवडणुका नकोतच, असे म्हणणाराही लेख त्यात आहे आणि तो आम्ही हौसेने छापला आहे. वाचकहो, तुम्हीही पत्रांतून आमच्याशी भांडा.



— संपादक