विश्लेषण : मुक्त सॉफ्टवेअरला ‘तारीख’ का हवी?

नाशिकच्या एखाद्या विद्यार्थ्याने लिबरऑफिसच्या मराठी मेन्यूतील चुकीचा शब्द दुरुस्त करून पाठवला, तरी तो लगेच कुणाच्या संगणकावर दिसत नाही. त्यासाठी नवी आवृत्ती यावी लागते.

वेळापत्रकाने काय साधते?
लिबरऑफिसची मोठी आवृत्ती दर सहा महिन्यांनी, साधारण फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये येते. तयार असेल ते जाते, उरलेले पुढच्या खेपेला. आपले काम लोकांपर्यंत कधी पोहोचेल, हे स्वयंसेवकाला कळते. बदल थोडे असल्याने बिघाड शोधणेही सोपे जाते.

आवृत्ती रखडली तर?
‘एक्सझेड’ हे फाइलचा आकार कमी करणारे सॉफ्टवेअर बहुतेक लिनक्स संगणकांत असते. फिनलंडचे लासे कॉलिन ते जवळपास एकट्याने, विनामोबदला सांभाळत. नवी मोठी आवृत्ती बरीच वर्षे आली नव्हती. २०२२मध्ये काही अनोळखी नावांनी त्यावरून तगादा लावला. पुढे ‘जिया टॅन’ नावाच्या मदतनिसाकडे आवृत्त्या काढण्याचे काम गेले. २०२४मधील ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट निघाली. अभियंता अँड्रेस फ्रॉइंड यांनी २९ मार्चला ती उघड केल्याने मोठा अनर्थ टळला.

उपाय काय?
घाई नव्हे, तर झेपेल असा नेम. वर्षातून दोनदाच, पण ठरल्या महिन्यात. आवृत्ती काढण्याचे काम किमान दोघांना यावे आणि एकाचे दुसऱ्याने तपासावे. हे सॉफ्टवेअर फुकट वापरणाऱ्या महाविद्यालयांनी व कंपन्यांनी चाचणीला हात लावला, तरी एकट्यावरचा भार हलका होईल.