आधी वर्ग, मग मैदान!

साथ भरात असताना संस्थेची दारे बंद करावयास फारशी अक्कल लागत नाही. साथ ओसरू लागली म्हणजे कोणते दार आधी उघडावयाचे, हे ठरविताना त्या संस्थेच्या मनात खरोखर कोण वसते ते कळून येते. २० मे २०२५ रोजी जागतिक आरोग्य सभेने महामारीविषयक करार संमत केला. पुढची साथ येणार हे जगाने गृहीत धरले आहे, असाच त्याचा अर्थ. मग त्या साथीत महाविद्यालयांनी आपली क्रीडांगणे केव्हा उघडावीत, या प्रश्नाचा विचार आज, डोकी थंड असतानाच, केला पाहिजे. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या ज्या घरांतील मुले सकाळी तालमीत व दुपारी महाविद्यालयात जातात, त्या घरांना तरी हा प्रश्न परका वाटू नये.

या प्रश्नाचा सर्वांत बोलका दाखला २०२० सालच्या अमेरिकेचा आहे. तेथील महाविद्यालयीन फुटबॉल म्हणजे आपल्याकडील आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा नव्हे. मिशिगन, ओहायो, पेनसिल्वेनिया येथील विद्यापीठांच्या क्रीडागारांत एकेका सामन्यास लाखावर प्रेक्षक बसतात. दूरचित्रवाणीच्या हक्कांतून अफाट पैसा येतो. आणि कित्येक राज्यांत सर्वाधिक वेतन घेणारा सरकारी नोकर हा राज्यपाल नसून विद्यापीठाचा क्रीडा-प्रशिक्षक असतो. ज्याच्या घामावर हा डोलारा उभा, त्या खेळाडूला मात्र त्या वेळी शिष्यवृत्ती व तिच्या जोडीच्या किरकोळ भत्त्यापलीकडे काही घेण्याची मुभा नव्हती.

१२ मार्च २०२० रोजी तेथील राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धा रद्द झाली. पुरुषांची ही स्पर्धा १९३९ साली सुरू झाल्यापासून प्रथमच खंड पडला. जुलैत हार्वर्ड, येल आदी आयव्ही लीगच्या विद्यापीठांनी शरद ऋतूतील सामने थांबविले. ११ ऑगस्टला ‘बिग टेन’ आणि ‘पॅक-ट्वेल्व्ह’ या दोन बड्या क्रीडामंडळांनी वैद्यकीय सल्ला शिरोधार्य मानून हंगाम पुढे ढकलला. इतर तीन बड्या मंडळांनी मात्र खेळण्याचाच हट्ट धरला. मग दडपण सुरू झाले. पालक रस्त्यावर आले, पुढारी बोलू लागले, राष्ट्राध्यक्षांनीही त्यात तोंड घातले. आणि १६ सप्टेंबरला ‘बिग टेन’ने, २४ सप्टेंबरला ‘पॅक-ट्वेल्व्ह’ने आपला निर्णय फिरविला. रोजच्या तपासण्या व हृदयाची परीक्षा यांची सोय झाली, हे कारण देण्यात आले. ते खोटे नव्हते. पण तेवढेच होते, असे कोण म्हणेल?

या साऱ्या प्रकरणातील एकच प्रसंग आम्हांस पुरेसा वाटतो. उत्तर कॅरोलिना राज्यातील चॅपेल हिल येथील विद्यापीठाने १० ऑगस्टला वर्ग उघडले. आठवडाभरात वसतिगृहांतून रोग असा पसरला की, पदवीचे वर्ग बंद करून शिक्षण संगणकावर न्यावे लागले व विद्यार्थ्यांना घरचा रस्ता धरावा लागला. आणि १२ सप्टेंबरला त्याच विद्यापीठाचा फुटबॉल संघ रिकाम्या प्रेक्षागारापुढे सामना खेळला! तर्कशास्त्राच्या तासाला बसणे धोक्याचे, पण अंगाला अंग भिडवून झटापट करणे निर्धोक, असे ठरविणारी विद्या कोणत्या विद्यापीठात शिकवितात?

प्रतिपक्षाचे म्हणणे आम्ही डावलीत नाही. खेळाडूंनाच खेळावयाचे होते, हे खरे आहे. क्लेमसनचा ट्रेव्हर लॉरेन्स आणि त्याच्यासारखे अनेक नामवंत खेळाडू त्या ऑगस्टमध्ये ‘आम्हांला खेळू द्या’ म्हणून पुढे आले. पण त्यांनी आणखीही काही मागितले होते: सर्वांना सारखे आरोग्यनियम, न खेळण्याची मोकळीक, आणि खेळाडूंची स्वतःची संघटना. यांपैकी खेळ तत्काळ मंजूर झाला. संघटनेचे नाव कोणी काढले नाही. काही विद्यापीठांनी तर सरावापूर्वीच धोका मान्य असल्याच्या लेखी कबुल्या मुलांकडून घेतल्या होत्या. शेवटी राष्ट्रीय संघटनेलाच हक्क सोडून देण्याच्या कागदांना मनाई करावी लागली. त्या हंगामात शंभराहून अधिक सामने रद्द झाले वा पुढे गेले. ११ जानेवारी २०२१ रोजी अलाबामाने अजिंक्यपद जिंकले, तेव्हा त्या देशात दररोज तीन हजारांवर माणसे मरत होती आणि टस्कलूसाच्या रस्त्यांवर विजयाची गर्दी लोटली होती. खेळाडूची रोज तपासणी झाली. त्या गर्दीची कोणी केली?

यावरून आम्ही खेळाचे शत्रू आहोत, असा ग्रह कोणी करून घेऊ नये. लोकमान्य टिळकांनी डेक्कन कॉलेजातील पहिले वर्ष शरीर कमावण्यात घालविले, हे आम्ही मुलांना अभिमानाने सांगत आलो. पण त्या तालमीला तिकीट नव्हते, की प्रेक्षक नव्हते. व्यायाम ही विद्यार्थ्याची गरज आहे. स्पर्धा हा समाजाचा उत्सव आहे. साथीत गरजेला पहिली जागा आणि उत्सवाला शेवटची, हा साधा हिशेब आहे. एकट्याने जोर-बैठका काढणाऱ्याला अडवू नये, आणि हजारोंच्या फडाला घाईने परवानगी देऊ नये.

आपल्याकडे काय झाले? पहिली खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा फेब्रुवारी २०२० मध्ये भुवनेश्वरला सुरू झाली. दुसरी बंगळूरला भरावयास एप्रिल २०२२ उजाडला. पैशाच्या बळावर उभारलेले आयपीएलचे सुरक्षा-कवचही ४ मे २०२१ रोजी फुटले, तेथे गरीब महाविद्यालयांची काय कथा! थांबणे योग्यच होते. पण थांबण्याची किंमत कोणी भरली? जत्रांचे फड बंद झाले, तरी पैलवानाचा खुराक बंद होत नाही. पोलीस व रेल्वेतील नोकरीसाठी विद्यापीठाच्या खेळाचे प्रमाणपत्र लागते, आणि स्पर्धेला वयाची मर्यादा असते. दोन वर्षे गेली, ती ज्यांची गेली त्यांना कोणी परत दिली? त्यांतही सीमाभागाचे दैव वेगळे. आमची पोरे कोल्हापूरच्या तालमीत घडतात, चंदगडची बेळगावात शिकतात. २०२१ साली कोगनोळीच्या नाक्यावर तपासणीचा दाखला मागून त्यांना अडविले गेले. रोगाला सीमा नसते, पण नाक्याला असते!

येथे स्वतःच्या पदरातही पाहिले पाहिजे. १७ एप्रिल २०२१ रोजी, दुसरी लाट चढत असताना, बेळगाव लोकसभेची पोटनिवडणूक झाली. सर्व पक्षांच्या सभा झाल्या. आमच्या बाजूच्याही झाल्या. तालमीला कुलूप आणि सभेला मैदान, हा न्याय कॅरोलिनातील न्यायाहून निराळा नव्हता. दुसऱ्यास बोल लावण्यापूर्वी एवढे कबूल करणे आम्हांस भाग आहे.

म्हणून पुढच्या साथीसाठी आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. ज्या महाविद्यालयाचे वर्ग बंद, त्याचे सामनेही बंद. वर्ग उघडल्यावर प्रथम व्यायाम, नंतर सराव, मग सामने, आणि प्रेक्षक सर्वांच्या शेवटी. जो खेळणार नाही त्याची शिष्यवृत्ती व संघातील जागा अबाधित. जे वर्ष साथीने गिळले ते वयाच्या मर्यादेत वाढवून द्यावे; अमेरिकेने ऑगस्ट २०२० मध्येच खेळाडूंना हे जादा वर्ष दिले, एवढा गुण तरी तिच्याकडून घ्यावा. सीमेपलीकडे शिकणाऱ्या व खेळणाऱ्या विद्यार्थ्यांस दोन्ही राज्यांनी एकच दाखला मान्य करावा. आणि हे सारे ठरविणाऱ्या समितीत डॉक्टराच्या शेजारी खेळाडूही बसलेला असावा.

ही शेवटची मागणी आम्ही सर्वांत महत्त्वाची मानतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आमचे भवितव्य आम्हांला न विचारता ठरले, त्याचे शल्य या भागातील पिढ्या उरात बाळगून आहेत. ज्याचे अंग पणाला लागावयाचे, त्याचा शब्द आधी घ्यावा, हे तत्त्व आम्ही भूमीसाठी मागतो. मग आपल्या मुलांच्या छातीसाठी ते मागावयास आम्ही कचरावे काय?