जहाज वळले, बंदर तेथेच राहिले

गेल्या सत्रात व्यापारबंदीचा विषय शिकवीत असताना मी वर्गाला क्यूबाचे उदाहरण दिले. अमेरिकन नागरिकाने क्यूबात पाऊल टाकू नये असे तेथील मूळ नियम म्हणत नाहीत. तेथे जाऊन डॉलर खर्च करू नये, एवढेच ते म्हणतात. मागच्या बाकावरून एकाने विचारले, "म्हणजे सर, जेवायला बोलवायचे आणि पान वाढायचे नाही, असेच ना?" वर्ग हसला, मीही हसलो. परंतु साठ वर्षांहून अधिक काळ चालत आलेल्या एका धोरणाचे मर्म या विनोदात आले होते, हे नाकारता येणार नाही.

फ्लॉरिडाच्या टोकापासून क्यूबाचा किनारा नव्वद मैलांवर आहे. म्हणजे जवळपास मुंबई-पुण्याइतकेच अंतर. १९५९ च्या क्रांतीनंतर क्यूबाने अमेरिकन कंपन्यांची मालमत्ता ताब्यात घेतली. १९६० साली अमेरिकेने निर्यातीवर बंधने घातली, आणि फेब्रुवारी १९६२ मध्ये अध्यक्ष केनेडी यांनी जवळजवळ संपूर्ण व्यापार बंद केला. बंदीच्या हुकमावर सही करण्यापूर्वी अध्यक्षांनी स्वतःसाठी बाराशे क्यूबन चिरूट आणवून घेतले, ही त्यांचे वृत्तसचिव पिअर सॅलिंजर यांनी पुढे सांगितलेली आठवण प्रसिद्धच आहे. बंदी घालणाराला ती कोणाला किती जाचणार याची पूर्ण कल्पना असते, एवढाच तिचा अर्थ मी घेतो.

प्रवासाला पैशाच्या मार्गाने अडविण्याची युक्ती का काढावी लागली, हेही पाहण्यासारखे आहे. क्यूबासाठी ग्राह्य नसलेला पासपोर्ट घेऊन तेथे जाणे हा फौजदारी गुन्हा ठरत नाही, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली दिला. मात्र १९६३ पासून अमलात असलेले अर्थखात्याचे नियम कायम होते. हॉटेलचे बिल, टॅक्सीचे भाडे, कॉफीचा पेला, यांपैकी काहीही शत्रूशी व्यापार या सदरात मोडू शकत होते. १९७७ साली अध्यक्ष कार्टर यांनी ही बंधने गळून पडू दिली, आणि त्याच वर्षी मे महिन्यात 'डाफ्नी' नावाची बोट डिझी गिलेस्पी, स्टॅन गेट्झ अशा नामांकित जाझ वादकांना घेऊन न्यू ऑर्लिन्सहून हवानाला गेली. पुढे १९८२ मध्ये रेगन यांनी बंधने पुन्हा आणली, आणि १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी ती उचलून धरली.

सोव्हिएत संघ कोसळल्यावर क्यूबाचे राष्ट्रीय उत्पन्न सुमारे एक तृतीयांशाने घसरले. त्या हलाखीत हात सैल करण्याऐवजी अमेरिकन काँग्रेसने फास आवळला. १९९२ च्या कायद्याने क्यूबाच्या बंदरात व्यापारासाठी गेलेल्या जहाजाला पुढे १८० दिवस अमेरिकन बंदरात माल चढविण्या-उतरविण्यास मनाई केली. १९९६ च्या हेल्म्स-बर्टन कायद्याने तोवर अध्यक्षांच्या मर्जीवर असलेली व्यापारबंदी कायद्यात बांधून टाकली. २००० च्या कायद्याने अन्नधान्य रोखीने विकण्यास वाट दिली, पण त्याच कायद्यात निव्वळ पर्यटनासाठी जाण्यावर स्पष्ट बंदी लिहिली. कुटुंबभेट, शिक्षण, धर्मकार्य असे बारा प्रकार तेवढे परवान्याने चालू शकत होते. येथून पुढचे सारे नीट कळावयाचे तर एक भेद ध्यानात ठेवावयास हवा. बंदी हा कायदा झाला. सवलत मात्र सरकारी खात्याचा परवाना राहिली. कायदा बदलण्यास काँग्रेसचे बहुमत लागते. परवाना एका दुपारी दिला जातो आणि एका दुपारी काढून घेतला जातो.

डिसेंबर २०१४ मध्ये अध्यक्ष ओबामा आणि राऊल कास्त्रो यांनी संबंध सुधारण्याची घोषणा केली. पुढल्या वर्षी वकिलाती उघडल्या, आणि १ मे २०१६ रोजी 'अडोनिया' ही बोट सातशेच्या आसपास प्रवासी घेऊन मायामीहून निघाली व दुसऱ्या दिवशी हवानाच्या धक्क्याला लागली. जवळजवळ चाळीस वर्षांत अमेरिकेहून आलेली ही पहिली क्रूझ. तीही सुखासुखी आली नाही. क्यूबात जन्मलेल्यांनी समुद्रमार्गे परत येऊ नये, असा क्यूबा सरकारचाच जुना नियम होता. त्यामुळे मायामीतील निर्वासित कुटुंबांना तिकिटे मिळेनात. निदर्शने झाली, दावा दाखल झाला, आणि बोट सुटण्याच्या जेमतेम आठवडाभर आधी क्यूबाने तो नियम मागे घेतला. बंदीचा मक्ता केवळ वॉशिंग्टनने घेतलेला नाही, हे आपल्याकडील क्यूबाप्रेमी मंडळींनी येथे नमूद करून ठेवावे.

या बोटींवरील प्रवाशांना आपण पर्यटक नसून क्यूबन जनतेशी 'शैक्षणिक देवाणघेवाण' करण्यास जात आहोत, असे लेखी द्यावे लागे. वर जुगारखाना, पोहण्याचा तलाव, संध्याकाळी नाचगाणे. आणि कागदोपत्री शैक्षणिक सहल! माझा एक जुना विद्यार्थी, सावंतवाडीकडचा, २०१८ साली अशाच एका बोटीवर स्टुअर्ड होता. गोव्याची व तळकोकणची अनेक मुले या व्यवसायात आहेत. तो सांगे की लोक सकाळी न्याहारी करून उतरत, बसमधून गाव पाहत, दोन-चार चिरूट घेत, आणि रात्रीच्या जेवणाला बहुतेकजण बोटीवर परत. झोपही बोटीवरच. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर क्रूझचा प्रवासी आपले हॉटेल आणि आपली खानावळ बरोबर घेऊन येतो. बंदरशुल्क आणि सहलींचे पैसे मुख्यतः सरकारी तिजोरीत जमा होतात. गावात पडतो तो उरलासुरला खर्च.

तरीही त्या उरल्यासुरल्या खर्चाचे मोल क्यूबात वेगळे होते. २०१८ साली सरकारी नोकराचा सरासरी पगार महिन्याला आठशे पेसोंच्या आत, म्हणजे तीस डॉलरच्या आसपास होता. १९५० च्या दशकातील रंगीत अमेरिकन मोटारीतून तासभर फिरविण्याचे पर्यटक तेवढे सहज मोजीत. शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर महिनाभर राबून जे मिळवी, ते मोटारवाला दोन-चार फेऱ्यांत मिळवी. ही विषमता क्यूबाच्या दुहेरी चलनाने निर्माण केलेली होती व तिचा दोष क्रूझला देता येणार नाही. परंतु राऊल कास्त्रो यांनी खासगी धंद्यास थोडी मोकळीक दिल्यापासून साडेपाच लाखांहून अधिक माणसे स्वतःच्या पायावर उभी राहिली होती. कोणी घरातील दोन खोल्या भाड्याने देई, कोणी दिवाणखान्यात 'पालादार', म्हणजे खासगी खानावळ चालवी. मायामीतील नातेवाइकांनी पाठविलेले डॉलर या खोल्यांच्या रंगात आणि स्वयंपाकघरांच्या भांड्यांत गुंतले होते. हे भांडवल लहान होते, पण ते आपले होते, आणि वॉशिंग्टनच्या शब्दावर विसंबून घातलेले होते.

याच वर्गाचे भले करावयाचे, असे अमेरिकेतील दोन्ही पक्ष सांगत आले आहेत. प्रत्यक्षात काय झाले? नोव्हेंबर २०१७ मध्ये ट्रम्प सरकारने एकट्यादुकट्या प्रवाशाची 'जनसंपर्क' सवलत रद्द केली आणि संघटित गटांची ठेवली. हेतू असा सांगितला गेला की पैसा लष्कराच्या ताब्यातील हॉटेलांकडे न जाता सामान्य क्यूबनांकडे जावा. परिणाम नेमका उलटा झाला. घरगुती खोलीत उतरणारा, गल्लीतील पालादारमध्ये जेवणारा एकटा प्रवासी कमी झाला, आणि ज्याला जावयाचेच होते त्याला बोटीचा मार्ग सर्वांत सोपा ठरला. ज्याचा पैसा गावात सर्वांत कमी उतरतो, असा प्रवासी नियमाने वाढविला! धोरण आखणाऱ्यांनी एका स्टुअर्डला जरी विचारले असते, तरी त्याने हे सांगितले असते.

आणि मग ४ जून २०१९ ची घोषणा आली: दुसऱ्या दिवसापासून क्रूझ बंद, गटांची सवलतही बंद. व्हेनेझुएलाच्या मादुरो सरकारला क्यूबाने दिलेला पाठिंबा हे कारण सांगण्यात आले. क्रूझ कंपन्यांच्या संघटनेच्या म्हणण्यानुसार सुमारे आठ लाख आरक्षणांवर पाणी पडले. समुद्रात असलेल्या बोटींचे मार्ग बदलण्यात आले. हवानाऐवजी दुसरे एखादे बंदर, एवढाच प्रवाशांच्या दृष्टीने फरक. कंपन्यांना नुकसान झाले, नाही असे नाही. पण बोट हे फिरते भांडवल आहे, ती उद्या बहामाला जाऊ शकते. सान फ्रान्सिस्को चौकातील मोटारवाला आपली मोटार बहामाला नेऊ शकत नव्हता. नवा रंग दिलेल्या खोल्याही तेथेच राहिल्या.

क्यूबाच्या सरकारला याबद्दल निर्दोष ठरविण्याची माझी इच्छा नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये खानावळी व भाड्याच्या खोल्यांचे नवे परवाने त्यानेच गोठविले होते. २०१८ साली सुमारे ४७ लाख परदेशी पाहुणे क्यूबात आले. २०२४ साली ते २२ लाखांवर आले. या घसरणीत करोनाच्या साथीचा वाटा आहे, २०२१ मधील चलनसुधारणेने भडकलेल्या महागाईचा आहे, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये साऱ्या देशाची वीज एकदम गेली त्या दुरवस्थेचाही आहे. सगळे खापर नाकेबंदीवर फोडणे हवानाच्या राज्यकर्त्यांना सोयीचे आहे. अशी सोय आयती पुरविणे हाच नाकेबंदीचा एक मोठा दोष आहे, असे माझे मत आहे.

परवान्याचा भरवसा किती, याचा धडा खुद्द बोटींच्या मालकांनाही मिळाला. हवाना बंदरातील धक्के चालविण्याची ९९ वर्षांची सवलत एका अमेरिकन कंपनीकडे होती. १९६० साली क्यूबाने ती हिरावली, आणि १९७१ साली अमेरिकन आयोगाने तिची हानी सुमारे ९२ लाख डॉलर ठरविली. हेल्म्स-बर्टन कायद्यातील दाव्यांचे कलम सर्व अध्यक्ष तहकूब ठेवीत आले होते. ते मे २०१९ मध्ये खुले होताच या कंपनीने क्रूझ कंपन्यांवर दावे लावले. आम्ही अर्थखात्याच्या परवान्याने गेलो, हा बचाव चालला नाही. तुम्ही केले ते पर्यटनच, असे खालच्या न्यायालयाने म्हटले, आणि २०२२ च्या अखेरीस चार कंपन्यांवर प्रत्येकी सुमारे अकरा कोटी डॉलरचा हुकूमनामा बजावला. सवलत जप्त झाली नसती तरी तिची मुदत २००४ मध्ये संपलीच असती, या मुद्द्यावर २०२४ साली वरच्या न्यायालयाने तो फिरविला. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण सुनावणीस घेतले. एका हाताने सरकार परवाना देते आणि दुसऱ्या हाताने न्यायालयाचे दार उघडते!

व्यापारबंदीचा अनुभव आपल्यालाही नवा नाही. वर्णद्वेषाच्या निषेधार्थ दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडणारा पहिला देश भारतच, १९४६ साली. त्याहून जवळचे उदाहरण गोव्याचे. १९५५ च्या सुमारास आपण पोर्तुगीज गोव्याची आर्थिक कोंडी केली. रेल्वे थांबली, मुंबईत नोकरी करणाऱ्या गोवेकरांना घरी मनिऑर्डर पाठविता येईना. सालाझार यांची सत्ता डळमळली का? लोहखनिज जपान व पश्चिम जर्मनीस जात राहिले, दाबोळीला विमानतळ झाला, आणि बाजारपेठा परदेशी मालाने भरल्या. सत्ता गेली ती डिसेंबर १९६१ मधील लष्करी कारवाईने. कोंडीची खरी झळ मनिऑर्डरची वाट पाहणाऱ्या घरांना लागली. म्हणून प्रत्येक बहिष्कार व्यर्थ असतो असे मी म्हणत नाही. दक्षिण आफ्रिकेवरील बहिष्कार तेथील बहुसंख्य जनतेच्या नेत्यांनीच मागितला होता आणि त्यात कालांतराने बहुतेक जग सामील झाले. क्यूबाच्या बाबतीत जग दुसऱ्या बाजूला आहे. १९९२ पासून संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत नाकेबंदीविरुद्ध ठराव होत आला आहे. २०२४ साली १८७ देशांनी व २०२५ साली १६५ देशांनी त्यास पाठिंबा दिला, आणि त्यांत भारतही होता.

अशा ठरावांनी हवानात एकही बोट लागत नाही, हे उघड आहे. कधीतरी वॉशिंग्टनचे वारे पुन्हा फिरेल आणि क्रूझची जाहिरात पुन्हा झळकेल. त्या वेळी मागणी करावयाची ती अधिक बोटींची नव्हे. प्रवासाची मोकळीक काँग्रेसच्या कायद्याने द्यावी; ते जमत नसेल तर निदान ती काढून घेताना वर्ष-दोन वर्षांची पूर्वसूचना देण्याचे बंधन सरकारवर असावे. आयातकर बदलताना वाटेत असलेल्या मालाला सूट देण्याची रीत पुष्कळ देशांत आहे. ती माणसांना आणि त्यांच्या खोल्यांना लावण्यात अशक्य असे काही नाही. आणि सवलत द्यावयाचीच तर ती प्रथम एकट्या प्रवाशाला द्यावी, बोटीला नंतर.

माझा तो विद्यार्थी आता दुसऱ्या बोटीवर आहे. सुट्टीवर आला होता तेव्हा त्याने पाकिटातून एक चिठ्ठी काढून दाखविली. हवानाच्या धक्क्यावरील एका मोटारवाल्याने पुढच्या खेपेच्या प्रवाशांना देण्यासाठी म्हणून आपले नाव आणि मोटारीचा रंग तीवर लिहून दिला होता. पुढची खेप झालीच नाही.