चमत्काराच्या आड

ख्रिस बर्क यांचा जन्म १९६५ साली न्यूयॉर्कमध्ये झाला. मुलाला डाउन सिंड्रोम आहे, तेव्हा त्याला संस्थेत ठेवावे, असा सल्ला त्यांच्या आईवडिलांना देण्यात आला. संस्था म्हणजे काय? त्याच शहरातील विलोब्रुक या सरकारी संस्थेत चार हजारांच्या जागेत सुमारे सहा हजार मतिमंद म्हणविली गेलेली माणसे कोंबलेली होती. सिनेटर रॉबर्ट केनेडी यांनी तेथील घाण आणि हाल १९६५ मध्येच जाहीरपणे मांडले होते. बर्क दांपत्याने सल्ला धुडकावला आणि मूल घरी वाढविले.

बर्क यांना लहानपणापासून नट व्हायचे होते. तरुणपणी मात्र ते एका शाळेत लिफ्ट चालवीत. १९८७ साली दूरचित्रवाणीवरील एका चित्रपटात त्यांना छोटी भूमिका मिळाली. तीवरून एबीसी वाहिनीने त्यांना 'लाइफ गोज ऑन' या मालिकेत घेतले. १९८९ ते १९९३ पर्यंत त्यांनी कॉर्की थॅचर साकारला. सर्वसामान्य मुलांच्या शाळेत जाणारा, रुसणारा, प्रेमात पडून लग्न करणारा हा कॉर्की कोणाच्या दयेचा विषय नव्हता. गोल्डन ग्लोबसाठी बर्क यांचे नामांकनही झाले.

याला चमत्कार म्हणणारे पुष्कळ निघाले. चमत्कार म्हटला की इतरांना संधी का नाकारली, याचा जाब कोणी मागत नाही, ही त्यातली सोय! विलोब्रुक १९८७ साली बंद झाले. अपंग कामगाराला किमान वेतनाहून कमी मजुरी देण्याची मुभा मालकांना देणारे १९३८ च्या अमेरिकी कायद्यातील कलम मात्र, कॉर्की घरोघरी पोचला तेव्हाही, जागच्या जागी होते.