समाजशास्त्राच्या वाटेने जाणारी मुले

परीक्षांचे निकाल लागले, की बडोद्याच्या मराठी घरांतून दरवर्षी एकाच विषयाचा खल सुरू होतो. मुलगा अभियांत्रिकीला जाणार की वाणिज्याला, मुलीला वैद्यकीची जागा मिळणार की नाही, याची चर्चा दांडिया बाजारापासून बाबाजीपुऱ्यापर्यंत ऐकू येते. अशा घरातील एखाद्या मुलाने वा मुलीने ‘मी समाजशास्त्र घेणार, आणि पुढे गुन्हेगारीशास्त्र शिकणार’ असे सांगितले, की वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते. ‘गुण कमी पडले वाटते?’ ही पहिली शंका. ‘म्हणजे पोलिसात जाणार का?’ ही दुसरी. या दोन्ही शंकांचा परामर्श घेणे आम्हांस अगत्याचे वाटते. कारण आपल्या शहराचे या विद्येशी नाते जुने आहे, आणि ते सर्वस्वी अभिमानाचेच आहे असे नाही.

१९१३ साली श्रीमंत सयाजीराव महाराजांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे अर्थशास्त्राच्या जोडीने त्यांनी समाजशास्त्र आणि मानववंशशास्त्र यांचा अभ्यास केला, आणि १९१६ च्या मे महिन्यात हिंदुस्थानातील जातिसंस्थेच्या उत्पत्तीवर आपला प्रसिद्ध निबंध वाचला. पुढच्याच वर्षी संस्थानची नोकरी करण्यासाठी ते बडोद्यास आले, तेव्हा या शहरात त्यांना राहावयास जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतून त्यांना बाहेर काढण्यात आले, आणि आज ज्यास आपण सयाजीबाग म्हणतो त्या कमाटीबागेत ते एकटे जाऊन बसले. राजाची इच्छा अनुकूल होती, खजिन्यातला पैसा खर्च झाला होता, हुद्दाही ठरला होता. तरी समाजाची अलिखित रीत या साऱ्याहून बलवत्तर ठरली. ही रीत कोठून येते, ती कोण राबवितो, आणि हुकमाने ती का मोडत नाही, हेच समाजशास्त्राचे प्रश्न आहेत. ज्यांच्या पूर्वजांनी ते दिवस या शहरात पाहिले, त्या घरांनी तरी हा विषय फावल्या वेळचा आहे असे म्हणू नये.

बुद्धीला येथे वाव नाही, असेही कोणी समजू नये. मुंबई विद्यापीठात १९१९ साली पॅट्रिक गेडिस यांनी समाजशास्त्राचा विभाग सुरू केला आणि १९२४ पासून तो मालवणच्या डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी वाढविला. इरावतीबाई कर्वे त्यांच्याच विद्यार्थिनी. घुर्यांचे दुसरे विद्यार्थी डॉ. म. न. श्रीनिवास १९५१ साली आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात आले आणि त्यांनी येथील समाजशास्त्र विभागाचा पाया घातला. ‘संस्कृतीकरण’ हा आज सर्वतोमुखी झालेला शब्द त्यांनी रूढ केला. हा वारसा दाराशी असताना आपली मुले त्याकडे पाठ फिरवितात, आणि ती फिरवावी म्हणून आपणच त्यांस बोध करतो!

आता गुन्हेगारीशास्त्राविषयी. रहस्यकथा वाचून या विषयाकडे वळणाऱ्या मुलांची लवकरच निराशा होते, हे सांगून टाकणे बरे. ठसे आणि रक्ताचे डाग तपासणे हे न्यायवैद्यकाचे व न्यायसहायक प्रयोगशाळेचे काम. गुन्हेगारीशास्त्र विचारते ते वेगळेच : गुन्हा कशास म्हणावे हे कोण ठरवितो? एकाच वस्तीतून पिढ्यान्‌पिढ्या मुले तुरुंगात का जातात? शिक्षेने माणूस सुधारतो की अधिक बिघडतो? गुन्हेगार हा जन्मतःच गुन्हेगार असतो, असे इटलीतील लोंब्रोझो यांनी १८७६ साली प्रतिपादिले. परंतु आपल्याकडे सरकारने त्याआधीच, १८७१ साली, संपूर्ण जमातींस जन्माने गुन्हेगार ठरविणारा कायदा करून ठेविला होता. १९११ मध्ये त्याची व्याप्ती वाढविण्यात आली. आईच्या कुशीतील पोर गुन्हेगार, आणि हजेरी न देणारा बाप शिक्षेस पात्र! तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला; पण त्याने मारलेला शिक्का पुसला गेला नाही. लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ ज्यांनी वाचले आहे त्यांस हे समजावून सांगावयास नको. याच विमुक्तांच्या हक्कांसाठी १९९८ साली महाश्वेतादेवी आणि गायकवाड यांच्यासह पुढे आलेले गणेश देवी आपल्याच विद्यापीठात प्राध्यापक होते. आणि तुरुंगांच्या नियमावल्यांतील जातवार कामाची वाटणी व विमुक्त जमातींविषयीचे कलंकित उल्लेख घटनाबाह्य ठरविण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय येण्यास ३ ऑक्टोबर २०२४ उजाडावा लागला. कायदा मेल्यावर बहात्तर वर्षे तो नियमावलीच्या पानांत जिवंत राहिला, ही गोष्ट अभ्यासकांच्या उणिवेची साक्ष नव्हे काय?

हा विषय दरिद्री वस्त्यांपुरता आहे, असेही आपण पांढरपेशांनी समजू नये. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ एडविन सदरलँड यांनी १९३९ साली नेमके पांढरपेशांच्याच गुन्ह्यांकडे बोट दाखविले. पेढीच्या खातेवहीत बसून केलेली चोरी खिसेकापूच्या चोरीहून मोठी असते आणि तरी तिला तुरुंग क्वचितच दिसतो, हे त्यांचे म्हणणे आज अधिकच पटते.

यावर आक्षेप येतो, की असल्या विद्येने गुन्हेगारांविषयी फाजील कळवळा उत्पन्न होतो. ज्याचे घर फुटले त्याची दाद कोणी घ्यायची? आक्षेप रास्त आहे, आणि खरे गुन्हेगारीशास्त्र बळी पडलेल्याचाही विचार करते. परंतु तुरुंगात कोण आहेत ते आधी पाहावे. २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत सुमारे ५ लाख ७३ हजार माणसे होती. त्यांपैकी सुमारे ४ लाख ३४ हजार, म्हणजे शेकडा ७५ हून अधिक, कच्चे कैदी होते. त्यांचा गुन्हा अद्याप शाबीत झालेला नव्हता. यांत अपराधी किती आणि जामिनाला पैसा नसल्याने अडकलेले किती, हे कळवळ्याने नव्हे, अभ्यासानेच कळेल. विश्वासाचा प्रयोगही आपल्याकडे झालेला आहे. औंधच्या पंतप्रतिनिधींनी मॉरिस फ्रिडमन यांच्या साहाय्याने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत उभी केली. शांतारामबापूंच्या ‘दो आँखें बारह हाथ’ या १९५७ च्या चित्रपटाचे मूळ तेथेच आहे. एका लहानशा संस्थानाने हे धाडस केले, याचे संस्थानी शहरात राहणाऱ्या आपणांस विशेष वाटावे.

राहिला पोटापाण्याचा प्रश्न. या विद्येने कोणी धनवान होत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. परंतु १९५८ च्या परिवीक्षा कायद्यास अधिकारी लागतात; बाल न्याय मंडळावर दंडाधिकाऱ्याबरोबर दोन समाजकार्यकर्ते बसतात; आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेने किरकोळ गुन्ह्यांस समाजसेवेची शिक्षा प्रथमच सांगितली आहे. ती शिक्षा कोठे द्यावी, कोणी देखरेख करावी आणि तिचा परिणाम कसा मोजावा, याची जाण असलेली माणसे नसतील तर ती कागदावरच राहील. सागर विद्यापीठाने १९५९ सालीच हा विषय हाती घेतला. मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्थाही तो दीर्घकाळ शिकवीत आली आहे. वाट नवी नाही. चालणारे थोडे आहेत.

विद्यापीठाने या विद्यार्थ्यांस तुरुंग, न्यायालय आणि बालगृह यांच्या दारापर्यंत न्यावे. केवळ टिपणे पाठ करून हा विषय येत नाही. विद्यार्थ्यांनी गुजराती तर चांगली बोलावीच, पण ज्यांच्या वस्तीत जायचे त्यांची बोलीही कानावरून घालावी. आणि पालकांनी आठी घालण्यापूर्वी मुलास एवढेच विचारावे, की तुला या माणसांत जाऊन बसण्याची तयारी आहे का? असेल, तर त्याची वाट अडवू नये, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.