बालवर्गाचा अर्ज

मूल तीन वर्षांचें होऊं लागलें कीं मुंबई-पुण्याच्या सुशिक्षित घरांतून बालवर्गाच्या प्रवेशाची चिंता शिरते, आणि पुष्कळ ठिकाणीं ती कॉन्व्हेंटच्या दाराशीं जाऊन थांबते. अर्ज हातीं येतो. त्यांत मुलाचा धर्म विचारलेला असतो. मूल कॅथलिक असल्यास बाप्तिस्म्याचा दाखला मागितलेला असतो. तेवढ्यानें कांहीं पालकांचा पारा चढतो. फी सारखीच घेतां, मग हा पंक्तिप्रपंच कां, असा त्यांचा प्रश्न. (पंक्तिप्रपंचाविषयीं आपण बोलावें आणि इतरांनीं ऐकावें, ही गंमतच म्हणावयाची!)

वस्तुतः ह्यांत रागावण्यासारखें कांहीं नाहीं. आपल्या पसंतीच्या शाळा काढण्याचा व चालविण्याचा हक्क राज्यघटनेच्या ३० व्या अनुच्छेदानें अल्पसंख्याकांना दिलेला आहे. स्वकीय मुलांना तेथें अग्रक्रम मिळावा हें स्वाभाविकच. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें प्रवेशासाठीं मुलाची वा आईबापांची चाळणी लावण्यास मनाई केली. परंतु तो कायदा अल्पसंख्याकांच्या शाळांना लागूं नाहीं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानें ६ मे २०१४ रोजीं दिला. २०२५ सालीं त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनीं त्या निकालाविषयीं शंका व्यक्त केली, ही गोष्ट निराळी. नातवाच्या धर्मसंस्कारांविषयीं धास्तावलेल्या आजोबांना मात्र २८ वा अनुच्छेद अवश्य वाचून दाखवावा. सरकारमान्य शाळेंत पालकांच्या संमतीवांचून मुलाला धर्मशिक्षणास वा उपासनेस बसवितां येत नाहीं. म्हणूनच अर्जाच्या शेवटचा बारीक टाइपांतला मजकूर वाचल्यावांचून सही करूं नये. संमति मागितलेली असल्यास ती तेथेंच सांपडावयाची.

मला खरी काळजी वाटते ती निराळ्याच गोष्टीची. मुलाखतीचें बोलावणें आलें कीं घरांत मराठी बंद होते. फळांचीं, रंगांचीं, प्राण्यांचीं नांवें इंग्रजींतून घोकविलीं जातात. बाळाशीं बोलावयाचें तर इंग्रजींत, अशी आजीला ताकीद मिळते. जिनें त्या मुलाला चिऊकाऊचे घांस भरविले, तिनें आतां त्याच्याशीं मुकें व्हावें! आणि मूल? कालपर्यंत घरभर बडबडणारें तें पोर शब्द शोधूं लागतें, चुकेल म्हणून भितें, आणि अखेर बोलेनासें होतें. मुलाखत घेणाऱ्या बाईंपुढें तें गप्प राहिलें तर त्यांत नवल काय?

हें सारें फादरांना प्रसन्न करण्यासाठीं चाललें असेल तर तो शुद्ध गैरसमज आहे. १६१६ सालीं गोव्यांत राचोल येथें छापलें गेलेलें ख्रिस्तपुराण हें दहा हजारांहून अधिक ओंव्यांचें मराठी काव्य. त्याचे कर्ते फादर स्टीफन्स जन्मानें इंग्रज. २०२० सालीं उस्मानाबादच्या, म्हणजे आतांच्या धाराशिवच्या, साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे वसईचे कॅथलिक धर्मगुरु. कॅथलिक म्हणजे इंग्रजी हें समीकरण त्यांचें नव्हे, तें आपलें आहे.

इंग्रजी चांगलें शिकवितात म्हणून आम्ही आलों, असें आईबापांनीं विचारल्यास मोकळेपणानें सांगावें. त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. चित्र पाहून मूल 'कावळा' म्हणालें तर तेथल्या तेथें त्याला डोळे वटारूं नयेत. घराजवळच्या दुसऱ्या एखाद्या शाळेचा अर्जहि भरून ठेवावा. आणि मुलाखतीच्या आदल्या रात्रीं आजीची नेहमींची गोष्ट चुकवूं नये.