दर्या, दऱ्या आणि रोमन कीबोर्ड

नवा फोन बाजारात आला की आमच्या स्टाफरूममध्ये दोन दिवस दुसरा विषय नसतो. कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, चार्जिंग किती वॉटचं, स्क्रीन किती हर्ट्झची, गेम खेळताना तापतो का. मला स्वतःला या गप्पांची भारी चटक आहे. बोईसरच्या मोबाइलच्या दुकानात काही घ्यायचं नसतानाही शिरणारी मी बाई आहे, आणि दुकानदार "मॅडम, सेल्फी एकदम मस्त येतो" म्हणाला की मला हसू येतं. मी आधी कीबोर्ड उघडते. ‘ळ’ कुठे ठेवलाय ते बघते, मग उर्दूची एक ओळ लिहून ती कशी दिसते ते बघते. दुकानदाराला वाटतं, बाई फोन घ्यायला आली नाही, परीक्षा घ्यायला आली आहे. खरंच आहे ते.

मला चीड येते ती फोनची नाही, आपली येते. वीस-पंचवीस हजारांचा फोन हप्त्यावर घ्यायचा, आणि त्यावर सलाम लिहायचा तो रोमनमध्ये, शाळेची सूचना रोमनमध्ये, मय्यतची खबर रोमनमध्ये, ईदच्या शुभेच्छा रोमनमध्ये. पालघर, बोईसर, तारापूर इथल्या आपल्या घरांत मराठी आहे, उर्दू आहे, बऱ्याच घरांत कोकणी बोलीही आहे. म्हणजे घरात दोन लिप्या वाचणारी माणसं आहेत. फोनवर मात्र तिसरीच लिपी चालते, जी या दोन्ही भाषांची नाही.

एके काळी याला कारण होतं, ते मान्य करते. साध्या एसएमएसमध्ये इंग्रजीची १६० अक्षरं मावत. त्यात देवनागरी किंवा उर्दूचं एक अक्षर आलं की तोच एसएमएस ७० वर येई, आणि काना-मात्राही वेगळी मोजली जाई. एक रुपयाच्या मेसेजला दोन रुपये पडत. शिवाय निम्म्या फोनवर आपली अक्षरं चौकोन होऊन उमटत. तेव्हा रोमनमध्ये लिहिणारा माणूस शहाणा होता. पण ते कारण कधीच संपलं. व्हॉट्सॲपला अक्षरामागे पैसे पडत नाहीत.

आणि तोवर आपल्या लिप्यांसाठी लोकांनी काय काय केलं, तेही बघा. उर्दूचं नस्तालिक वळण संगणकात बसवणं ही चेष्टा नव्हती. नस्ख वळणात अक्षरं सरळ रेषेवर बसतात. नस्तालिकमध्ये शब्द उजवीकडून डावीकडे उतरत जातो आणि शेजारचं अक्षर बदललं की या अक्षराचा आकार बदलतो. म्हणून उर्दू वर्तमानपत्रं कित्येक दशकं कातिबाच्या हातानं लिहून, शिळाछापावर निघत. चेन्नईचं ‘मुसलमान’ हे १९२७ पासूनचं दैनिक त्याच हातलेखनासाठी प्रसिद्ध झालं. १९८१ च्या सुमारास मिर्झा अहमद जमील या खुशनवीसानं मोनोटाइप कंपनीबरोबर नूरी नस्तालिक तयार केलं, त्यासाठी सुमारे २० हजार जोडआकार हातानं लिहून दिले. वीस हजार! आपण ‘ओके’ला ‘के’ लिहितो. पुढे १९९४ मध्ये दिल्लीच्या कंपनीनं इनपेज आणलं आणि गल्लीतल्या छापखान्यात उर्दू टाइप होऊ लागली. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर नस्तालिक फॉन्ट आला, २०१४ मध्ये गूगलनं नोटो नस्तालिक फुकट दिला, २०१७ मध्ये आयफोनवर उर्दू नस्तालिकमध्ये दिसू लागली. त्याच २०१७ च्या ऑगस्टमध्ये गूगलनं मराठी आणि उर्दू दोन्हींत बोलून टाइप करण्याची सोय केली. आता तर बोट हलवायचीही गरज नाही. तरी आपण रोमनमध्येच.

"टीचर, फरक काय पडतो? अर्थ कळला म्हणजे झालं," असं मला माझेच सहकारी सांगतात. अर्थ कळतो का, तेच तर बघू.

दर्या आणि दऱ्या घ्या. सातपाटीचा कोळी ज्यावर जातो तो दर्या, शब्द फारसीतून आलेला. जव्हारच्या घाटात दिसतात त्या दऱ्या. मराठीनं हा फरक सांभाळण्यासाठी र चं ते डोळ्याच्या पापणीसारखं अर्धं रूप जपलं आहे, युनिकोडमध्ये त्यासाठी ‘ऱ’ला स्वतंत्र जागा आहे. रोमनमध्ये दोन्ही डी-ए-आर-वाय-ए. ‘आचार्यांना बोलवा’ आणि ‘आचाऱ्यांना बोलवा’ यांत लग्नघरात केवढा फरक पडतो ते सांगायला नको. के-ए-एल लिहिलं तर ते काल, काळ, कळ की कल? उर्दूत तर विचारूच नका. नज़्र म्हणजे भेट किंवा मन्नत, ज़ाल लावून. नज़र म्हणजे दृष्टी, ज़ोय लावून. असर म्हणजे परिणाम, आणि अस्र म्हणजे दुपारनंतरची नमाज. माझ्या वर्गातली मुलं आता वहीतसुद्धा विचारतात, "टीचर, अस्र ‘से’ने की ‘सुवाद’ने?" हा प्रश्न पूर्वी सातवीतलं मूल विचारत नसे, कारण शब्द त्याच्या डोळ्यांना रोज दिसत होता. (देवनागरीतही उर्दूचे चार ‘ज़’ एकच होतात, हे मला माहीत आहे. म्हणून तर उर्दू उर्दूत लिहा म्हणते.)

आमच्या एका वर्गाच्या ग्रुपवर एकदा रोमनमध्ये सूचना गेली की उद्या मुलांसोबत पाटी पाठवावी. पी-ए-टी-आय. दोन आयांचं उत्तर आलं, "टीचर, ते फर्स्ट शिफ्टला असतात, कंपनीतून सुट्टी मिळणार नाही." आठवडाभर हसलो. पण त्या आया चुकल्या नव्हत्या, लिपी चुकली होती.

दुसरा युक्तिवाद जास्त वजनदार आहे, आणि तो इथल्या वस्तीतून येतो. बोईसरला एमआयडीसीमुळे उत्तर प्रदेश, बिहार, गुजरात, सगळीकडची माणसं आहेत. एकाच इमारतीत उर्दू माध्यमातले अब्बा, जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतली अम्मी, इंग्रजी माध्यमातली मुलं. "मग सगळ्यांना चालेल अशी एक लिपी नको का? रोमन सगळ्यांना येतं." हे ‘सगळे’ कोण? कुरआन आणि उर्दू दोन्ही रोज वाचणाऱ्या दादीला रोमन येत नाही. चौथीपर्यंत मराठीत शिकलेल्या खालाला येत नाही. ती मुलाकडून मेसेज वाचून घेते. बिहारहून आलेल्या कामगाराला देवनागरी रोमनपेक्षा सहज येते. रोमन ज्यांना सहज वाचता येतं ते म्हणजे इंग्रजी शिकलेले तरुण, म्हणजे घरातली सगळ्यात कमी अडलेली माणसं. त्यांच्या सोयीला आपण ‘सगळ्यांची सोय’ म्हणतो आणि दादीला तिच्याच घरच्या ग्रुपमध्ये निरक्षर करतो.

आता शाळांकडे आणि छापखान्यांकडे येते, कारण आम्ही तिथेही धुतल्या तांदळाचे नाही. उर्दूची प्रश्नपत्रिका जुन्या इनपेजमध्ये होते, तिचा फोटो काढून ग्रुपवर टाकतात. मराठीचं पत्रक श्रीलिपी किंवा कृतीदेवमध्ये होतं, त्याचाही फोटो. जुन्या इनपेजची फाइल इनपेजशिवाय उघडत नाही. कृतीदेवचा मजकूर फॉन्ट नसलेल्या संगणकावर नेला की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. दोन्ही भाषांचा आजार एकच: अक्षर दिसतं, पण यंत्राच्या लेखी ते अक्षर नसतं. त्यातला शब्द शोधता येत नाही. अंध मुलाचा स्क्रीनरीडर फोटो उर्दूत वाचून दाखवत नाही. वीस वर्षं मेहनतीनं केलेल्या प्रश्नपत्रिका, जलशांची पत्रकं, तालुक्यातल्या मुशायऱ्यांचे अहवाल, सगळं असं कुलपात पडलं आहे.

लिपी वापरातून गेली की काय होतं ते बघायला लांब जायला नको. मोडी बघा. शतकानुशतकं मराठीचा कारभार मोडीत चालला. छापखान्याला बाळबोध सोयीची पडली, मोडी मागे पडत गेली आणि १९५० च्या सुमारास शाळेतूनही गेली. आणि २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायची वेळ आली तेव्हा सरकारला मोडी वाचणारी माणसं हुडकावी लागली. आपल्याच पणज्याचा कागद हातात, आणि तो वाचायला मजुरीवर माणूस. मोडी २०१४ मध्ये युनिकोडमध्ये आली खरी, पण ती घरात वाचणारे तोवर संपले होते. उर्दूचं तसं होणार नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी आपल्या घरातल्या जुन्या पेटीतली अब्बांची पत्रं मुलांना वाचायला देऊन बघावीत.

अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या फलकावर मराठीखाली उर्दू का, म्हणून माजी नगरसेविका कोर्टात गेल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं आणि एप्रिल २०२५ मध्ये निकाल लागला की मराठीबरोबर उर्दू लिहायला कायद्याची आडकाठी नाही, आणि भाषा म्हणजे धर्म नव्हे. त्या दिवशी आपल्या लोकांनी किती आनंद केला! माझ्या फोनवर पन्नास तरी मेसेज आले असतील, उर्दूच्या विजयाचे. उर्दूत लिहिलेले त्यांत दोन. बाकी सगळे रोमन. नगरपरिषदेनं फलकावर उर्दू लिहावी म्हणून दिल्लीपर्यंत लढायचं, आणि स्वतःच्या अंगठ्याखाली असलेला कीबोर्ड बदलायचा नाही, याला काय म्हणावं?

मराठीच्या बाजूलाही हेच आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, त्याच्या शुभेच्छाही रोमनमध्ये फिरल्या. आणि आपल्यातल्या काहींना देवनागरी ‘त्यांची’ वाटते, हेही मी ऐकलं आहे. सातबारा कुठल्या लिपीत आहे? दाखला, रेशनकार्ड कशात आहे? जी लिपी आपल्या जमिनीला चालते ती मेसेजला का चालू नये?

फोन बनवणाऱ्यांना मी मोकळं सोडत नाही. अजून कितीतरी अँड्रॉइड फोनांवर उर्दू नस्ख वळणात दिसते. बालभारतीचं उर्दू पुस्तक नस्तालिकमध्ये असतं, त्यामुळे फोनवरचा मजकूर दाखवला की लहान मुलं म्हणतात, "टीचर, ही तर अरबी आहे." यूट्यूबवर फोनची परीक्षणं करणारे आपले मराठी तरुण अर्धा तास कॅमेऱ्यावर बोलतात, ‘ऱ’ उमटतो का, मराठीत बोललेलं बरोबर टाइप होतं का, यावर एक मिनिट नाही. पण कंपनी तरी कुणासाठी धडपडणार? तिला दिसतं की ही मंडळी उर्दू कीबोर्ड लावतच नाहीत.

आणि आता तर चॅटजीपीटीसारखी यंत्रं आली आहेत. ती शिकतात लिहिलेल्या मजकुरावरून. रोमनमध्ये एकच ‘नहीं’ माणसागणिक वेगळं असतं, त्यातून यंत्र काय शिकणार आणि माणूस तरी काय शोधणार? मी अशा यंत्राला मराठीत गोष्ट लिहायला सांगते तेव्हा त्यातली आई पुण्याची असते. उर्दूत सांगते तेव्हा अम्मी लखनौची नाही तर लाहोरची. दस्तरखान घालून त्यावर तांदळाची भाकरी आणि बोंबील वाढणारी, अब्बांशी मराठीत भांडणारी आमच्या किनाऱ्यावरची आई त्यात नाही. कशी असेल? तिच्याबद्दल आपण लिहिलं ते रोमनमध्ये, नाही तर इनपेजच्या फोटोत.

जीबोर्ड असेल तर स्पेसबारवर बोट दाबून ठेवा, भाषांच्या सेटिंगमध्ये जा, मराठी आणि ‘उर्दू (भारत)’ दोन्ही निवडा. मग पृथ्वीगोलाच्या खुणेवर बोट ठेवलं की भाषा बदलते. पाच मिनिटांचं काम आहे. पहिले आठ दिवस वेग निम्म्यावर येतो, ‘ढ’ सापडत नाही, बड़ी ये आणि छोटी ये यांत बोट चुकतं. चुकू द्या. घरच्या ग्रुपवर पहिला मेसेज दादीसाठी लिहा, तिला वाचता येईल अशा लिपीत. माझ्या वर्गातल्या पालकांचं कुठे अडलं तर शाळा सुटल्यावर अर्धा तास मी थांबते, फोन घेऊन या.